लीद कुजायला वेळ लागतो

४ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेली. हवापालट. मीच सुचवणार होतो, पण त्याआधी तिची बॅग भरून झाली होती.

हवापालटाला शिवणयंत्र कशाला, असं क्षणभर मनात आलं. मग लक्षात आलं, मेहुणीकडचे पडदे जुने झाले असणार. यंत्र मीच उचलून टॅक्सीत ठेवलं. ड्रायव्हर हात लावायला येत होता. त्याला म्हटलं, राहू दे, घरातलं काम आहे.

दारातून निघताना म्हणाली, या घरात काही रुजतच नाही हो.

अगदी बरोबर. मागच्या अंगणात तिने काय काय लावून पाहिलं. गुलाब गेला, लिंबू गेलं, पुदिनासुद्धा गेला. पुदिना मारणं सोपं नाही. म्हणजे दोष मातीत आहे. इतकी वर्षं ही बाई कुढत होती आणि प्रॉब्लेम होता जमिनीचा! एकदा कारण कळलं की अर्धं काम झालं.

संध्याकाळी प्लॅन काढला. स्केल एकास पन्नास. पाणीपुरवठा खात्यात जन्म ड्रॉइंग बोर्डापुढे गेला, हात अजून थरथरत नाही. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली शीर्षक: मागील अंगण, मृदा सुधारणा. मुदत चार आठवडे. तोवर तिलाही तिकडे कंटाळा येईल.

संकल्प: रोज पहाटे खोदकाम. चहात साखर बंद. फोन आपण करायचा नाही, तिचा येऊ द्यायचा.

५ फेब्रुवारी
फोन केला. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी राहिली होती, म्हणून. मेहुणीने उचलला. म्हणाली, भाऊजी, ताई झोपलीय. भर सकाळी, उन्हं वर आल्यावर! हवा मानवतेय म्हणायची.

चहा सपक लागतो. साखर हळूहळू कमी करणं जास्त शास्त्रीय.

८ फेब्रुवारी
खोदकाम सुरू. आणि बंद. खाली माती नाहीच. विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं आणि कोणा गवंड्याचा डाव्या पायाचा बूट. कुदळ एका दगडावर आपटून उलटी उडाली. कमरेत उसण भरली.

वाकता येत नाही. मोजे न घालता दिवस काढला. मोजे कपाटात खालच्या खणात असतात, हे आज नव्यानेच कळलं. एरवी ते पलंगावर असतात.

१२ फेब्रुवारी
सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत एक जुनं मासिक चाळलं. त्यात नेमका लेख: घोड्याच्या लिदीने मेलेली जमीन जिवंत होते. चिकण माती मोकळी होते, रेताड माती ओल धरते, गांडुळं आपणहून येतात. पुढचं पान फाटलेलं होतं. पण मुद्दा कळला.

न्हाव्याने विचारलं, काकू दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत? म्हटलं, बहिणीकडे आहे, येईल महिन्याभरात. त्याने मान डोलावली. कल्ले मात्र एक वर एक खाली झाले.

१५ फेब्रुवारी
शहराबाहेर घोडेस्वारीची शाळा आहे, तिथे जाऊन आलो. ती चालवणारी बाई गुडघ्यापर्यंत बूट घालते. घोड्यांशी आणि माणसांशी एकाच आवाजात बोलते. लीद मिळेल का म्हटल्यावर तिला जवळजवळ भरून आलं. म्हणाली, काका, लागेल तेवढी न्या, वर चहा पाजते. झाडांना कशी घालायची, असं विचारलं. म्हणाली, ते मला नाही कळत, माझा संबंध घोड्याच्या पुढच्या टोकाशी.

एक म्हातारी पांढरी घोडी कठड्यापाशी उभी होती. मी जवळ गेलो तर तिने माझ्या खांद्यावर हनुवटीच टेकली. चांगली जड असते. बराच वेळ तसाच उभा राहिलो. कमरेमुळे पटकन हलता येत नाही.

डिकीत पोती भरली. मागच्या सीटवर दोन. काचा उघड्या ठेवून घरी.

१७ फेब्रुवारी
सगळ्या वाफ्यांत लीद पसरली, थर प्लॅनप्रमाणे. मग नर्सरीत जाऊन गुलाबाची कलमं आणली, तिच्या आवडीची, फिकट पिवळी. नर्सरीवाल्याने विचारलं, खत कुजलेलं आहे ना? म्हटलं, वास तर कुजल्याचाच येतोय. तो म्हणाला, तसं नाही हो काका. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं, विषय तिथेच राहिला.

कलमं लावली. ओळ दोरी धरून. अंगण बघून छाती भरून आली. नंतर वासामुळे ती रिकामी करावी लागली.

२२ फेब्रुवारी
सहज मेहुणीच्या भागात काम निघालं. काम असं नाही, पण त्या बाजूला रस्ता चांगला आहे.

ही फाटकाशी आली. आत या, असं म्हणाली नाही. बहुतेक आत पडद्यांचा पसारा असेल. निळी साडी नेसली होती, मी पूर्वी कधी न पाहिलेली. बहिणीची असेल. मला म्हणाली, बीपीची गोळी घेता ना? पाहा. जिला परतायचं नाही ती बाई बीपीची चौकशी कशाला करील?

मग नाकाला पदर लावून म्हणाली, हा वास कसला? मी गाडीकडे बघून नुसता हसलो. म्हटलं, सरप्राइज आहे. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, जपून चालवा.

एकंदरीत भेट चांगली झाली.

१ मार्च
गुलाबांची पानं कडेने पिवळी. घाबरायचं कारण नाही. झाड सध्या मुळांवर जोर देत असणार, वर लक्ष द्यायला त्याला सवड कुठे?

मधल्या वाफ्यात मात्र हिरवेगार कोंब! दाट, तरतरीत. मी काहीच पेरलं नव्हतं. यालाच म्हणतात सुपीकता. फोटो काढून हिला पाठवला. खाली लिहिलं, रुजलं!

दोन तासांनी उत्तर आलं: गवत आहे.

६ मार्च
घोडं जे खातं ते नीट पचवत नाही. दाणे, बिया आहेत तशाच बाहेर. म्हणजे मी गवतच पेरलं. उपटतोय. संपत नाही.

गुलाब सगळे करपले. काड्या उभ्या आहेत, ओळीत. ओळ अजूनही सरळ आहे, एवढं म्हणता येईल.

भिंतीपलीकडचे दातांचे डॉक्टर आले. दवाखाना त्यांच्या घरातच आहे, खिडकी आमच्या अंगणाकडे. आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, काका, माझा पेशंट तोंड उघडतो आणि नाक दाबतो, मग श्वास घ्यायचा कुठून? आज एक बाई दाढेला भूल दिलेली असताना अर्ध्यातून उठून गेल्या. चांगला माणूस आहे. आवाज चढवला नाही. जाताना अंगणाकडे पाहून म्हणाले, काकू कधी येणार आहेत?

सगळे हेच विचारतात. जणू मला बोलायला दुसरा विषयच नाही.

८ मार्च
हिचा फोन! स्वतःहून! लेकीने सांगितलं असणार. आमची लेक परगावी असते, पण बातम्या तिच्याकडे आमच्याआधी पोचतात.

पहिलं वाक्य: कच्चीच घातलीत ना?

म्हटलं, कच्ची म्हणजे?

मग तिने समजावून सांगितलं, न रागावता. ताजी लीद उष्ण असते, मुळं जाळते. ढीग करायचा, छातीभर उंच. त्यात वाळला पालापाचोळा, पेंढा, घरातला भाजीचा कचरा मिसळायचा. पाणी एवढंच की मूठ दाबली तर ओल लागावी, थेंब पडू नये. दर पंधरवड्याला वरचं खाली, खालचं वर. आतून तापतो, त्यात बिया मरतात. मग आपोआप निवतो. मी म्हटलं, किती दिवस? म्हणाली, दिवस नाही हो, महिने. पाच-सहा.

मी म्हटलं, तुला हे सगळं माहीत होतं? म्हणाली, हो. म्हटलं, मग कधी बोलली नाहीस. म्हणाली, बोलले होते.

लाइन खराब होती, म्हणून तेवढ्यावर थांबलो.

नवा प्लॅन: मुदत ऑगस्टअखेर. ही मुदत तिने स्वतः दिलेली आहे. हे महत्त्वाचं.

१० मार्च
ढीग उभारला. वाफ्यांतून सगळी लीद परत गोळा केली, शाळेतून आणखी आणली. पालापाचोळ्यासाठी रस्ता झाडणाऱ्या बाईला गाठलं. ती म्हणाली, न्या की, पण लोक मला टाकायचे पैसे देतात, मागायला कोणी येत नाही. वरून ताडपत्री. वास पुष्कळ कमी. डॉक्टरांनी भिंतीवरून अंगठा दाखवला.

१५ मार्च
ढिगातून सकाळी वाफ निघते! हात घातला तर चांगलंच गरम. नेमकं किती ते बघावं म्हणून घरातलं थर्मामीटर खुपसलं. पारा वर जाऊन बसला तो खाली उतरेना. आता कोणाचाही ताप काढला तरी तेवढाच येईल. सध्या घरात कोणी नाही, त्यामुळे अडचण नाही.

थोडा वेळ हात तसाच आत ठेवला. बरं वाटलं. सांध्यांना शेक.

२४ मार्च
पहिली पालटणी. फावड्याने वरचं खाली. कंबर गेली, पण मन उत्साहात. झाल्यावर हिला रिपोर्ट दिला. तिने विचारलं, मध्ये पांढरी बुरशी दिसली का? म्हटलं, दिसली. म्हणाली, चांगलं लक्षण. बारा मिनिटं बोललो. फोनवर आकडा येतो म्हणून कळलं.

नोकरीत असताना आम्ही बारा मिनिटं सलग कधी बोललो असू, आठवत नाही. तेव्हा कामं असत.

७ एप्रिल
दुसरी पालटणी. फोन. ती हसली. मी म्हटलं होतं, ढिगात तीन प्रकारचे किडे आहेत आणि त्यातला एक साडूसारखा दिसतो. तिचे मेहुणे, मिशीवाले. ती इतकी हसली की मागून मेहुणीने विचारलं, काय झालं ताई?

पालटणी पंधरा दिवसांनीच का? आठवड्याला केली तर हवा जास्त खेळेल.

१२ एप्रिल
पालटणी. फोन. ती म्हणाली, अहो परवाच झाली ना? इतकं उकरलं तर निवून जाईल. ठेवा तसाच.

ठेवला.

१९ एप्रिल
ढीग जरा कोरडा वाटला, विचारावं म्हणून फोन. खरं तर ओला होता. पण फोनवर तिला काय दिसणार.

आज ती स्वतःबद्दलही बोलली. चार बायकांना शिवण शिकवते, दुपारच्या वेळी. त्यातल्या एकीला काही केल्या बाही बसवता येत नाही, उलटीच जोडते. मी म्हटलं, वा. मग म्हटलं, ढिगाला भाजीचा कचरा कमी पडतोय, मी एकटा भाजी किती खाणार? तिकडे यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. मग म्हणाली, समोरच्यांकडून मागून घ्या.

नंतर वाटलं, बाहीबद्दल आणखी काही विचारायला हवं होतं. पुढच्या फोनला विचारू.

२ मे
फोन उचलला नाही. क्लास असेल.

३ मे
क्लास.

५ मे
उचलला. घाईत होती. बाहीचं विचारलं. म्हणाली, कुठली बाही? ती बाई कधीच शिकली, आता ब्लाउज शिवते.

११ जून
लेक आली, दोन दिवसांसाठी. गाडीत बसली आणि उतरून पुढे चालत गेली. म्हणाली, बाबा, ही गाडी विका किंवा घोडा घ्या.

जेवताना मी तिला प्लॅन दाखवला. कुठे बाक, कुठे गुलाब, आईची खुर्ची कुठे. तिने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, बाबा, आई मातीबद्दल बोलत नव्हती.

म्हटलं, मग कशाबद्दल?

ती म्हणाली, तुम्ही घरी यायचा, पेपर वाचायचा, जेवायचा आणि उद्याचं ड्रॉइंग काढायचा. रिटायर झाल्यावर ड्रॉइंग गेलं आणि पेपर दुप्पट झाला. आई बोलायची आणि तुम्ही हं म्हणायचा. ती एकदा हरवलेलं कानातलं सापडल्याचं सांगत होती. तुम्ही हं म्हणालात. मग ती म्हणाली, मी विहिरीत उडी मारते. तुम्ही हं म्हणालात. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसलो. नंतर आई रडली.

मला यातलं काही आठवत नाही. तरुण मुलांना अतिशयोक्तीची सवय असते. शिवाय आमच्या भागात विहीर नाही.

लेक झोपल्यावर अंगणात जाऊन ढिगाला हात लावला. कोमट. निवत चाललाय. वेळापत्रकाप्रमाणे.

२० जुलै
ढीग निम्म्याने खाली बसला. हे बरोबर आहे, असं हिने आधीच सांगितलं होतं. लिदीचे गोळे ओळखू येत नाहीत. पेंढा अजून दिसतो. फोन उचलला, पण म्हणाली, आता तुम्हाला सगळं जमतंय की, मला विचारायची गरज नाही.

म्हटलं, गरज आहे. म्हणाली, नाहीये.

कौतुकच केलं तिने एका परीने.

८ ऑगस्ट
मेहुणीचा फोन. म्हणाली, भाऊजी, तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून सांगते. ताईने दोन खोल्या घेतल्यात भाड्याने. वर गच्ची आहे. गेल्या आठवड्यात राहायलाही गेली.

साहजिक आहे. बहिणीच्या घरी क्लासची गर्दी किती दिवस सहन करणार? क्लाससाठी वेगळी जागा हवीच. मलाही ऑफिसला वेगळी इमारत होती. संध्याकाळी घरीच यायचो.

मेहुणीला म्हटलं, चांगलं केलं. ती म्हणाली, भाऊजी, तुम्ही बरे आहात ना? म्हटलं, एकदम. खताचं बोलू लागलो तर तिच्या कुकरची शिट्टी झाली.

३१ ऑगस्ट
मुदत संपली. खत तयार नाही, पेंढा शिल्लक आहे. मुदतवाढ. खात्यात एकही काम वेळेवर पूर्ण झालेलं मी पाहिलं नाही, आणि पाणी तरी सगळ्यांना मिळतंच.

२६ सप्टेंबर
झालं!

काळंभोर. भुसभुशीत. हातात घेतलं की बोटांतून निसटतं. वास मातीचा, नुसता मातीचा. चाळणीतून थोडं चाळलं, बोटभर लांब एक गांडूळ निघालं. त्याला परत सोडलं. डॉक्टरांना भिंतीवरून ओंजळ दाखवली. त्यांनी सवयीने आधी नाक दाबलं, मग सोडलं आणि जवळ येऊन वास घेतला. म्हणाले, काका, कमाल केलीत.

हिला मेसेज केला: तयार आहे. बघायला ये.

उत्तर: रविवारी येते.

रविवारी येते! तिने लिहिलंय, मी नाही.

२८ सप्टेंबर
तयारी. पडदे धुतले, एक आकसला. तिची खुर्ची अंगणात काढून पुसली. कपाटातला तिचा कप्पा रिकामा करून ठेवला. त्यात मी पेपर ठेवायला लागलो होतो. काय बोलायचं ते आरशापुढे दोनदा म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य चांगलं जमतं. दुसऱ्यात आवाज दगा देतो. तेव्हा एकाच वाक्यात उरकायचं.

चहात साखर घालणार. तिला गोड लागतो.

३० सप्टेंबर, रविवार
लेकीच्या गाडीतून आली. लेक बाहेरच थांबली, फोनवर बोलायचंय म्हणाली. ही घरातून सरळ अंगणात गेली. पाहुणीसारखी वाट विचारली नाही, हे मला आवडलं. पण चपला दाराबाहेर काढल्या होत्या. ती मागच्या दाराशी काढायची.

ढिगापाशी उकिडवी बसली. दोन्ही हातांनी खत उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. म्हणाली, अहो, सोनं झालंय हो. एवढं छान मला कधी जमलं नसतं.

मी म्हटलं, तूच सांगितलंस तसं केलं. ती म्हणाली, हो, पण तुम्ही ऐकलंत.

तिच्या केसांना रंग नव्हता. पांढऱ्या बटा कानामागे घेतलेल्या. चांगल्या दिसत होत्या. सांगावंसं वाटलं. पण एकच वाक्य बोलायचं ठरवलं होतं आणि ते दुसरं होतं.

म्हटलं, गुलाब कधी लावू या? म्हणजे, आपण.

ती हातातली माती झटकत राहिली. झटकून झाली तरी झटकत होती. म्हणाली, तुम्ही लावा. तुमच्या हातून आता येतील. मग म्हणाली, मी येणार नाही हो. हे तुम्हाला फोनवर सांगणं बरं वाटेना.

मी हं म्हणालो. तिने पटकन माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघेही हसलो. ती जरा जास्त. मग तिने डोळे पुसले, आणि खत डोळ्याला लागलं, आणि मी पाणी आणलं.

डोळे धुऊन झाल्यावर, अंगणातल्या खुर्चीत बसून, चहा पिऊन, ती म्हणाली, एक मागू का? गच्चीवर कुंड्या ठेवायच्या आहेत. चार पोती मिळतील का यातलं?

म्हटलं, चार कशाला, सहा ने.

पोती मीच भरली. घमेल्याने, दाबून, तोंड सुतळीने शिवून. लेक मदतीला येत होती. तिला म्हटलं, राहू दे. डिकी भरल्यावर गाडी मागून खाली बसली. हिने काच खाली केली आणि म्हणाली, गोळी घेत जा. मी म्हटलं, पहिले दोन महिने पाणी बेताने घाल. ती हो म्हणाली. लेक रडत होती, म्हणून गाडी वळणावर बंद पडली. परत सुरू झाली.

१ ऑक्टोबर
घोडेस्वारी शाळेतल्या बाईचा फोन. म्हणाली, काका, ढीग साचलाय, कधी येता? म्हटलं, आता नको.

म्हणाली, का हो, बाग झाली वाटतं?

म्हटलं, कळवतो.

उरलेलं खत वाफ्यांत मिसळलं, विटांचे तुकडे पावसाळ्यातच वेचून झाले होते. माती बदललीय, कुदळ अलगद आत जाते. काही लावलं नाही. प्लॅन काढायला कागद घेतला, नुसती चौकट आखली आणि ठेवून दिला. मग ही वही उघडली.

ही येणार नाही.

लिहून पाहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.